नॉर्वेत खपलं ते इटलीत का खपेना? युरोपातल्या इलेक्ट्रिक गाड्यांचा हिशेब

प्रश्न असा आहे: नॉर्वेत आज नवी गाडी घेणारा जवळपास प्रत्येक जण इलेक्ट्रिकच घेतो, जर्मनीत पाचांतला एखादा घेतो आणि इटलीत तर शोधावा लागतो. एकाच खंडात एवढी तफावत कशामुळे? पैसा, थंडी, पर्यावरणाची जाण की चार्जर? आणि प्रश्नाला एक घरगुती शेपूटही आहे: विचारणाऱ्याचा मुलगा नोकरीसाठी जर्मनीतल्या स्टुटगार्टला निघालाय, त्याने तिथे ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी, घ्यावी का?

मी नेदरलँड्समध्ये कंपन्यांच्या लीजवरच्या गाड्या आणि त्यांच्या चार्जिंगची व्यवस्था बघतो. बरीच वर्षं हेच काम. त्यामुळे माझी नजर थोडी हिशेबनिसाची झाली आहे, हे आधीच सांगून ठेवतो. गाडीच्या प्रेमात पडलेल्या माणसाने लिहिलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.

आधी आकडे. २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांचा वाटा नॉर्वेत ८९ टक्के होता. डेन्मार्कमध्ये ५१, स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये ३५ च्या आसपास, बेल्जियममध्ये २८, पोर्तुगालमध्ये २०, ब्रिटनमध्ये जवळपास तेवढाच, फ्रान्समध्ये १७, जर्मनीत साडेतेरा. स्पेन सहाच्या आत, इटली चारच्या जरा वर आणि पोलंड तीनच्या घरात. अख्ख्या युरोपियन युनियनची सरासरी १३.६ टक्के होती, २०२५ मध्ये ती १७.४ वर गेली. हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी) आणि प्लग-इन हायब्रिड (इंजिन असूनही बाहेरून चार्ज होणाऱ्या गाड्या) यात धरलेले नाहीत. बातम्यांमध्ये कधी ते धरतात, कधी वगळतात आणि मग वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो.

आता श्रीमंतीचं बघू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. नॉर्वे श्रीमंत आहे, पोलंड तितका नाही, म्हणून नॉर्वेत ईव्ही, असा सरळ हिशेब मांडला की पोर्तुगाल आडवा येतो. पोर्तुगालचं दरडोई उत्पन्न इटलीपेक्षा कमी, जर्मनीपेक्षा तर पुष्कळच कमी, आणि ईव्हीचा वाटा मात्र इटलीच्या पाचपट आणि जर्मनीपेक्षाही जास्त. युक्रेन तर याहून गरीब. पण तिथल्या सरकारने ईव्हीवरची जकात आणि व्हॅट काढून टाकल्यावर परदेशातून जुन्या निसान लीफ येऊ लागल्या आणि रस्त्यावर सर्रास दिसू लागल्या. पैसा असला तर गोष्टी सोप्या होतात हे खरंच, पण गाडी कोणती घ्यायची हे बव्हंशी त्या देशाची करपद्धत ठरवते. बाकीची कारणं या एका कारणाच्या मागे रांगेत उभी आहेत.

नॉर्वेचं उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याचा चुकीचा धडा फार घेतला जातो. लोकांना वाटतं, सरकारने तेलाच्या पैशातून भरघोस सबसिडी दिली. प्रत्यक्षात नॉर्वेने खासगी ग्राहकाच्या हातात गाडीसाठी रोख रक्कम कधी ठेवलीच नाही. पेट्रोल-डिझेल गाडीवर वजनाचा, कार्बन डायऑक्साइडचा, नायट्रोजन ऑक्साइडचा असे कर आणि वर २५ टक्के व्हॅट होता; ईव्हीला त्यातून सूट दिली, एवढंच. तिथल्या ईव्ही मालकांच्या संघटनेने कधीकाळी फोक्सवॅगन गोल्फचा एक तक्ता केला होता. पेट्रोल गोल्फची आयात किंमत साधारण २२ हजार युरो, इलेक्ट्रिक गोल्फची ३३ हजार. सगळे कर चढवल्यावर पेट्रोलवाली ३४ हजारांवर जाते आणि इलेक्ट्रिक होती तिथेच राहते. ११ हजारांचा फरक मिटून इलेक्ट्रिक थोडी स्वस्तच पडते. मग विमा एजंट असो की प्राथमिक शाळेतला शिक्षक, दोघांचंही गणित एकच येतं.

आणि हे एका रात्रीत झालेलं नाही. १९८९ मध्ये ‘आ-हा’ या पॉप बँडचे मॉर्टेन हार्केट आणि माग्ने फुरुहोल्मेन, त्यांच्यासोबत बेलोना या पर्यावरण संस्थेचे फ्रेडरिक हाउगे, यांनी स्वित्झर्लंडहून एक इलेक्ट्रिक केलेली फियाट पांडा आणली. ती घेऊन ते टोलनाक्यांवरून पैसे न भरता जायचे. दंड साचला, गाडी जप्त झाली, लिलाव झाला. त्यांनी ती पुन्हा विकत घेतली आणि पुन्हा तेच सुरू केलं. १९९० मध्ये खरेदीवरच्या करात सूट आली, १९९७ मध्ये टोल माफ, २००१ मध्ये व्हॅट माफ, त्यानंतर बसच्या मार्गिकेतून जायची परवानगी. गंमत अशी की त्या काळात घेण्याजोगी इलेक्ट्रिक गाडी जवळपास नव्हतीच. मिळायच्या त्या छोट्या, प्लास्टिकच्या अंगाच्या, दोन माणसांच्या गाड्या. आपल्या बंगळुरूची रेवा त्यातलीच. म्हणजे नियम आधी वीस वर्षं तयार होऊन बसले होते. २०११ च्या सुमारास लीफ आणि मग टेस्ला मॉडेल एस आली तेव्हा बाजार त्यांची वाटच बघत होता.

सप्टेंबर २०२४ मध्ये नॉर्वेच्या रस्त्यांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांची संख्या पेट्रोल गाड्यांच्या पुढे गेली. ही नव्या विक्रीची नव्हे, नोंदणीवरच्या एकूण गाड्यांची गोष्ट आहे. डिझेल गाड्या मात्र तेव्हाही या दोहोंपेक्षा जास्त होत्या. नव्या विक्रीत ९० टक्क्यांच्या आसपास पोचूनही जुना साठा असा हळूहळूच हलतो.

सवलती काढायची पद्धतही बघण्यासारखी. २०२३ पासून ५ लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर व्हॅट लागू केला, वजनाचा कर ईव्हीलाही लावला. टोल आणि फेरीबोटीची माफी त्याआधीच कमी करत आणली होती. प्रत्येक पाऊल पुरेसं आधी जाहीर. तरीही २०२५ मध्ये वाटा ९५ टक्क्यांच्या पुढे गेला. तोवर पेट्रोल गाडी महाग राहिली होती, आणि मुद्दा तोच होता.

यात एक गोष्ट नॉर्वेच्या पथ्यावर पडली, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. त्यांच्याकडे मोटार उद्योग नाही. पेट्रोल गाडीवर कर चढवला तर कुठल्या कारखान्यातले कामगार रस्त्यावर येणार नव्हते. जर्मनीत वोल्फ्सबुर्ग, स्टुटगार्ट, म्युनिक, इंगोलश्टाट ही शहरंच गाड्यांवर जगतात. तिथे असा कर सुचवणाऱ्या मंत्र्याची काय गत होईल, ते सांगायला नको.

नॉर्वेचं तेल हे कारण असतं तर डेन्मार्क कुठेच दिसला नसता. तो या सगळ्याचा आरसा आहे. तिथे गाडीवरचा नोंदणी कर एकेकाळी १८० टक्क्यांपर्यंत होता, आता वरचा टप्पा १५० टक्क्यांचा. म्हणजे गाडी घेताना आणखी दीड गाडीचे पैसे सरकारला. ईव्हीला त्यातून पूर्ण सूट होती. २०१५ मध्ये सरकारने ठरवलं की २०१६ पासून ही सूट टप्प्याटप्प्याने काढायची. त्या वर्षअखेरीला टेस्ला घ्यायला झुंबड उडाली आणि २०१६ मध्ये ईव्हीची विक्री धाडकन कोसळली. तीच माणसं, तोच पगार, तोच वारा आणि त्याच पवनचक्क्या. बदलला तो फक्त कर. पुढे माघार घेतली गेली, २०२० च्या डिसेंबरमध्ये २०३० पर्यंतचा दीर्घ आराखडा पक्षांनी मिळून मान्य केला, आणि २०२४ मध्ये डेन्मार्क निम्म्याच्या वर गेला.

आता माझ्या कामाच्या भागाकडे येतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे. युरोपात नवी गाडी बहुतेक वेळा माणूस घेतच नाही, कंपनी घेते. युरोपियन युनियनमधल्या नव्या नोंदणीपैकी साधारण ६० टक्के गाड्या कंपन्यांच्या, लीजच्या किंवा भाड्याच्या असतात. खासगी माणूस तीन-चार वर्षं वापरलेली गाडी घेतो. त्यामुळे ‘लोकांना ईव्ही आवडते का’ हा सर्वेक्षणवाल्यांचा लाडका प्रश्न अर्धा फुकट जातो. विचारायला हवं ते असं: कंपनीच्या गाडीवर कर कसा बसतो?

नेदरलँड्समध्ये कंपनीची गाडी तुम्ही घरच्या कामाला वापरत असाल तर गाडीच्या किमतीचा काही टक्के भाग तुमचं उत्पन्न म्हणून पगारात धरतात आणि त्यावर आयकर भरावा लागतो. याला इथे बायटेलिंग म्हणतात आणि ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी गाडीच्या रंगापेक्षा याचीच चर्चा जास्त होते. पेट्रोल गाडीला हा दर २२ टक्के. ईव्हीला २०१९ मध्ये होता ४ टक्के, ५० हजार युरोपर्यंतच्या किमतीवर. आता ४५ हजारांची गाडी घ्या. २२ टक्क्यांनी वर्षाला ९,९०० युरो उत्पन्नात मिळवले जातात, ४ टक्क्यांनी १,८००. आयकर ४० टक्के धरला तर एकीकडे वर्षाला ३,९६० युरो खिशातून जातात, दुसरीकडे ७२०. महिन्याला २७० युरोचा फरक! ५० हजारांच्या मर्यादेत बसेल अशी टेस्ला मॉडेल ३ त्या वर्षी देशातली सर्वाधिक खपाची गाडी ठरली यात नवल नाही. १ जानेवारी २०२० पासून दर ८ टक्के होणार होता, म्हणून डिसेंबरात नोंदवलेल्या नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक इलेक्ट्रिक होत्या. पुढे दर १२, मग १६, मग १७ असा चढत गेला. विक्री दर जानेवारीत पडायची आणि दर डिसेंबरात उसळायची.

या पद्धतीचं हसं झालेलंही मी जवळून पाहिलंय. २०१३ मध्ये प्लग-इन हायब्रिडलाही बायटेलिंग शून्य होतं. मित्सुबिशी आउटलँडरवर लोक तुटून पडले. लीज संपून गाड्या परत आल्या तेव्हा कित्येकांच्या डिकीत चार्जिंगची केबल तशीच प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती. पेट्रोलचं कार्ड कंपनीचं, मग घरी वायर कोण लावतो? कर जे मोजतो ते लोक करतात. कर लावणाऱ्याच्या मनात काय होतं याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

बेल्जियम हे याचं ताजं रूप. तिथे पगाराच्या पॅकेजमध्ये कंपनीची गाडी ही जुनी सवय. सरकारने सांगितलं, जुलै २०२३ नंतर मागवलेल्या पेट्रोल-डिझेल कंपनी-गाड्यांचा खर्च नफ्यातून वजा करायची मुभा कमी-कमी होत जाईल आणि २०२६ पासून नव्या गाड्यांत ती फक्त शून्य उत्सर्जनवाल्यांनाच राहील. झालं. एका वर्षात कंपन्यांची धोरणं बदलली. खासगी बेल्जियन ग्राहक मात्र अजूनही बऱ्यापैकी पेट्रोलच घेतो. एका देशात दोन बाजार नांदताहेत. पोर्तुगालचं कोडंही इथेच सुटतं: कंपन्यांना ईव्हीवर व्हॅट परत मिळतो आणि कंपनीच्या गाड्यांवरचा वेगळा कर लागत नाही. ब्रिटनमध्येही पगारातून हप्ता कापून गाडी घेणाऱ्याला काही वर्षं ईव्हीच्या किमतीच्या २ टक्के किंवा त्याहून कमीच उत्पन्न धरलं जायचं. तिथल्या ईव्हींचा मोठा भाग याच वाटेने रस्त्यावर आला.

मग थेट सबसिडीचं काय? सबसिडीने विक्री वाढते, पण ती दारू चढल्यासारखी असते. उतरताना डोकं धरायची वेळ येते. जर्मनीत २०१६ पासून खरेदीवर अनुदान होतं, २०२० मध्ये ते चांगलंच वाढवलं. १५ नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हवामान निधीत वळवलेले ६० अब्ज युरो घटनाबाह्य ठरवले. सरकारची तिजोरी आखडली आणि १७ डिसेंबरला अनुदान बंद, तेही जेमतेम एका दिवसाच्या सूचनेवर. ज्यांनी गाडी बुक केली होती पण नोंदणी व्हायची होती ते अधांतरी लटकले. २०२३ मध्ये ५ लाख २४ हजार ईव्ही विकल्या गेल्या होत्या, २०२४ मध्ये ३ लाख ८१ हजार. २७ टक्क्यांची घसरण. स्वीडनमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये बोनस असाच रात्रीतून गेला. इटलीत वेगळाच तमाशा: जून २०२४ मध्ये अनुदानाचं पोर्टल उघडलं आणि ईव्हीसाठीचे पैसे काही तासांतच संपले. ज्यांना मिळाले त्यांना मिळाले, बाकीचे पुढच्या फेरीची वाट बघत बसले. सबसिडीची नुसती कुजबुज सुरू झाली तरी लोक खरेदी थांबवतात, हे विक्रेत्यांना चांगलं ठाऊक आहे. इटलीची विक्री कमी असण्यात या थांबून राहण्याचा मोठा वाटा आहे, असं माझं मत.

फ्रान्सचा एक प्रयोग मला आवडला. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी कमी उत्पन्नाच्या, रोज गाडीने कामावर जाणाऱ्या कुटुंबांसाठी महिना १०० युरोच्या आसपास हप्त्यावर ईव्ही लीजने देऊ केली. मागणी इतकी आली की ठरवलेला कोटा दुप्पट करूनही फेब्रुवारीत दार बंद करावं लागलं. गरिबाला ईव्ही नकोय, या समजाला त्याने चांगलाच धक्का बसला.

करानंतर दुसरं मोठं कारण: गाडी रात्री कुठे उभी असते. नॉर्वेत लोक मोठ्या प्रमाणावर स्वतंत्र घरात किंवा जोडघरात राहतात, दाराशी जागा असते. फिनलंडमध्ये तर इंजिन गोठू नये म्हणून पार्किंगमध्ये हीटरसाठी विजेचे खांब आधीपासूनच होते. स्पेनमध्ये दोन तृतीयांश लोकसंख्या फ्लॅटमध्ये राहते, आणि माद्रिद-बार्सिलोनात कित्येकांच्या गाड्या सरळ रस्त्यावर. जर्मनीत निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्याने राहतात. तिथे डिसेंबर २०२० पासून भाडेकरूला आणि फ्लॅटमालकाला चार्जर बसवू द्या असं मागायचा कायदेशीर हक्क मिळाला. पण हक्क मिळणं आणि तळघरातल्या पार्किंगपर्यंत केबल पोचणं यात सोसायटीच्या बऱ्याच बैठका असतात. पुण्या-ठाण्यातल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

नेदरलँड्सने यावर साधा उपाय शोधला. बऱ्याच नगरपालिकांत तुमच्याकडे ईव्ही असेल आणि स्वतःची पार्किंगची जागा नसेल, तर अर्ज करा. घराजवळ रस्त्याच्या कडेला सार्वजनिक खांब बसवून मिळतो. मंद गतीचा, पण रात्रभरात गाडी भरते. म्हणूनच युरोपियन युनियनमधले निम्म्याहून जास्त चार्जिंग पॉइंट फक्त नेदरलँड्स, जर्मनी आणि फ्रान्स या तीन देशांत आहेत. मात्र आता इथे वेगळी अडचण उभी राहिली आहे: विजेचं जाळं भरून गेलंय. मोठ्या जोडणीसाठी अर्ज केलेल्या हजारो कंपन्या रांगेत आहेत. एखाद्या गोदामाला डिलिव्हरीच्या व्हॅन इलेक्ट्रिक करायच्या असतात, व्हॅन महिनाभरात मिळतात आणि विजेच्या जोडणीची तारीख काही वर्षांनंतरची येते. माझ्या कामाचा निम्मा वेळ सध्या यातच जातो.

घरी चार्जिंग होतं की नाही यावर खर्चाचं गणित उलटंपालटं होतं, म्हणून हे इतकं लांबवलं. जर्मनीचं उदाहरण घ्या. गाडी १०० किलोमीटरला १८ युनिट खाते असं धरा. घरची वीज ३७ सेंटने पडली तर पावणेसात युरोच्या आत काम होतं. तीच हायवेवरच्या फास्ट चार्जरवर ६५ सेंटने भरली तर ११ युरो ७० सेंट. तेवढंच अंतर साडेसहा लिटर पेट्रोलने, १ युरो ७५ सेंट दराने, ११ युरो ४० सेंटमध्ये कापता येतं. म्हणजे फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला जास्त किंमत मोजून, चार्जरची शोधाशोध करून, वर पेट्रोलपेक्षा महाग पडतं. त्याने का घ्यावी? ब्रिटनमध्ये तर घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के आणि रस्त्यावरच्या चार्जरवर २०. दारात अंगण असलेल्याला सवलत, नसलेल्याला भुर्दंड. इटलीची वीज युरोपातल्या महाग विजेत मोडते, आणि तिथे एलपीजी व मिथेनवर स्वस्तात गाडी चालवायची जुनी सवयही आहे.

तिसरं कारण ग्राहकाला दिसत नाही: ब्रसेल्सचा नियम. युरोपियन युनियनने गाडी कंपन्यांच्या विक्रीची सरासरी प्रतिकिलोमीटर ९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडवर आणायची सक्ती २०२०-२१ मध्ये लागू केली, नाहीतर दंड. २०१९ मध्ये ईव्हीचा वाटा १.९ टक्के होता, २०२० मध्ये ५.४ झाला, २०२१ मध्ये ९.१. कोविडच्या वर्षात लोकांना अचानक पर्यावरणाचा साक्षात्कार झाला नव्हता. कंपन्यांनी दंड टाळायला गाड्या बाजारात आणल्या आणि त्यावर सूट दिली. २०२४ मध्ये नवा टप्पा नव्हता, बाजार सुस्त झाला. २०२५ मध्ये लक्ष्य आणखी कडक झालं, स्वस्त मॉडेलं आली, आकडा पुन्हा वर. मग कंपन्यांनी गळा काढला आणि २०२५ ते २०२७ अशी तीन वर्षांची सरासरी काढायची मुभा मिळवली. ब्रिटनने वेगळा मार्ग धरला: २०२४ मध्ये विक्रीच्या २२ टक्के, २०२५ मध्ये २८ आणि २०३० मध्ये ८० टक्के गाड्या शून्य उत्सर्जनाच्या हव्यात, असा थेट कोटा, थोड्याफार पळवाटांसह.

थंडीबद्दल फार बोलायला नको. हिवाळ्यात रेंज घटते, पाव भागापर्यंत सहज. तरी ईव्हीचा वाटा सगळ्यात जास्त उत्तरेकडच्या थंड देशांतच आहे, मुद्दा निकाली. त्यापेक्षा वेग जास्त महत्त्वाचा. नॉर्वेत महामार्गावरही ताशी ११० च्या वर मर्यादा नाही, बहुतेक रस्ते ८० चे. जर्मन माणूस ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर, १५० ने गेला की बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. एकाच गाडीचा दोन देशांत अनुभव इतका वेगळा येतो, आणि मग शेजारी शेजाऱ्याला वेगवेगळं सांगतो.

पर्यावरणाची जाण? असते, पण ती खरेदीनंतर जास्त दिसते. हेच युरोपियन दहा-पंधरा वर्षांपूर्वी निम्म्याहून जास्त डिझेल गाड्या घेत होते, कारण बहुतेक देशांत डिझेलवर कर कमी होता. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं उत्सर्जन चाचणीतलं बिंग फुटलं, शहरांनी डिझेलवर बंदीची भाषा सुरू केली आणि तो बाजार ओसरला.

पूर्व युरोप आणि ग्रीसकडे बघताना नव्या विक्रीचा आकडा फसवा ठरतो. ग्रीसमध्ये गाडीचं सरासरी वय १७ वर्षांच्या आसपास आहे. पोलंड, बल्गेरियात जर्मनीतून आलेली वापरलेली गाडी हीच बहुतेकांची ‘नवी’ गाडी. तिथे ईव्ही पोचणार ती नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीतल्या लीजच्या गाड्या परत आल्यावर. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने किमती एकदम खाली आणल्या तेव्हा जुन्या ईव्हींचे भावही गडगडले. लीज कंपन्यांनी डोक्याला हात लावला आणि पुढच्या करारांचे हप्ते वाढवले. पण पूर्वेकडच्या ग्राहकासाठी तीच घसरण संधी आहे. पोलंडचा खरा बदल वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात आधी दिसेल, असा माझा अंदाज आहे.

महाराष्ट्रासाठी यातून काय, तेही थोडक्यात. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला. हा नॉर्वेचाच जुना डाव. अटल सेतूचा एका वेळचा टोल २५० रुपये; उलव्याहून रोज मुंबईत जाणाऱ्याला हा फरक महिन्याच्या हप्त्याएवढा जाणवू शकतो. वर्षातून दोनदा एक्सप्रेसवेने गावी जाणाऱ्याला काहीच नाही. रस्ता करातली सूटही मोठी आहे, पेट्रोल गाडीला तो ११ ते १३ टक्के पडतो. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला, ईव्हीचा ५ वरच राहिला. ईव्ही महाग झाली नाही, पण दोहोंतली दरी अरुंद झाली, आणि डेन्मार्कचा अनुभव बघता विक्री या दरीवरच चालते.

आता स्टुटगार्ट. ऑफर लेटरमध्ये कंपनीची गाडी असेल तर विचार करायची गरजच नाही, ईव्ही घ्यावी. जर्मनीत पेट्रोल गाडीच्या किमतीचा दरमहा १ टक्का पगारात धरतात, ईव्हीचा पाव टक्का. जुलै २०२५ पासून ही सवलत १ लाख युरोपर्यंतच्या गाडीला आहे. ४८ हजारांच्या गाडीवर म्हणजे ४८० युरोऐवजी १२०. ऑफिसच्या आवारात फुकट चार्जिंग मिळत असेल तर त्यावरही सध्या कर नाही.

स्वतःच्या पैशाने घ्यायची असेल तर पहिले सहा महिने थांबावं. तसंही भारतीय परवाना तिथे सहा महिनेच चालतो. त्यानंतर जर्मन परवाना काढावा लागतो आणि त्यात वेळ व पैसा दोन्ही जातात. तोवर घर कुठे मिळतं, पार्किंगला वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) आहे का, नसेल तर चालत पाच मिनिटांवर मंद चार्जर आहे का, हे कळेल. स्टुटगार्टची एस-बान, म्हणजे लोकल रेल्वे, चांगली आहे, कदाचित गाडीच लागणार नाही. लागलीच तर लीजहून परतलेली दोन-तीन वर्षांची ईव्ही बघावी, बॅटरीच्या क्षमतेचं प्रमाणपत्र मागून. बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात, ती नव्या मालकाकडे जाते का हे कागदावर तपासून घ्यावं. आणि चार्जर जवळ नसेल, फक्त फास्ट चार्जरवरच भिस्त असेल, तर बिनदिक्कत जुनी पेट्रोल गोल्फ घ्यावी.